ब्राउझर हायजॅकर संगणकातून मुळासकट कसा काढावा

गेल्या वर्षी दिवाळी अंकाच्या कामात माझ्याकडे दोन कथा जुन्या मराठी फाँटात टंकलेल्या आल्या. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे फुकट सॉफ्टवेअर शोधताना, निकालांत सगळ्यात वर दिसलेल्या जाहिरातीच्या दुव्यावरून मी एक फाइल उतरवली आणि घाईघाईने ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ दाबत ती बसवली. मजकूर काही बदलून मिळाला नाही. मात्र त्याच संध्याकाळपासून क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत काहीही शोधले की क्षणभर एक अनोळखी पत्ता चमकून जाई आणि निकाल गूगलऐवजी भलत्याच शोधयंत्रावर उघडत. त्यांतले वरचे पाच-सहा दुवे जाहिरातींचे असत. मी एक्सटेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, यादी उघडली, मी कधीही न घेतलेले एक एक्सटेन्शन तिथे दिसले, ते काढून टाकले आणि निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा जागेवर होते. असे तीन दिवस चालले. एक्सटेन्शन दर वेळी नव्याने बसवणारी गोष्ट ब्राउझरमध्ये नसून, ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये आहे, हे चौथ्या दिवशी कळले.

खालच्या पायऱ्यांचा क्रम त्या अनुभवातून ठरला आहे. आधी पुन्हा बसवणारी यंत्रणा मोडायची आणि मग ब्राउझर स्वच्छ करायचा. हा क्रम उलटा केला तर सगळी मेहनत एका रात्रीत वाया जाते. पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी लिहिल्या आहेत. मेनूंची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात, ती इथे देवनागरीत दिली आहेत. आवृत्तीप्रमाणे एखादा शब्द वेगळा दिसू शकतो, पण जागा साधारण तीच असते.

ब्राउझरची सेटिंग परस्पर बदलून शोध भलतीकडे वळवणाऱ्या अशा प्रोग्रॅमला ब्राउझर हायजॅकर म्हणतात. हा प्रकार कशासाठी केला जातो ते आधी समजून घ्यावे, म्हणजे पुढची शोधाशोध सोपी जाते. तुमचा प्रत्येक शोध मधल्या एका पत्त्यावरून वळवून नेला की वळवणाऱ्याला जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा मिळतो. म्हणून हायजॅकर संगणक बंद पाडत नाही, फाइली पुसत नाही. त्याला तुम्ही रोज संगणक वापरत राहायला हवे असता. नुसत्या जाहिरातींच्या त्रासापुरताच हा प्रश्न असता तर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या हायजॅकरची माहिती दिली, तेव्हा तो बाहेरून हवा तो प्रोग्रॅम संगणकावर आणून चालवू शकतो, हा त्यातला सर्वांत गंभीर भाग होता. तिच्या अंदाजानुसार जगभरात २५ कोटी आणि भारतात सुमारे अडीच कोटी संगणकांवर तो होता. मायक्रोसॉफ्टने नंतर हे आकडे फुगवलेले असल्याचे सांगितले. परंतु शोध वळवणारा प्रोग्रॅम आणि चोरीसाठी दार उघडणारा प्रोग्रॅम यांत फारसे अंतर नसते, हे त्यातून स्पष्ट झाले.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

एक कागद आणि पेन. संशयास्पद प्रोग्रॅमची, एक्सटेन्शनची आणि अनोळखी पत्त्यांची नावे जशीच्या तशी लिहून ठेवा. पुढे चार ठिकाणी तीच नावे पुन्हा भेटतात.

संगणकाच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड.

दुसरे एखादे स्वच्छ उपकरण, उदाहरणार्थ तुमचा मोबाइल. सूचना वाचण्यासाठी आणि शेवटी पासवर्ड बदलण्यासाठी तोच वापरायचा आहे.

महत्त्वाच्या फाइलींची प्रत ठेवण्यासाठी पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क. छायाचित्रे, दस्तऐवज, हिशेबाच्या फाइली घ्या. सॉफ्टवेअर बसवण्याच्या फाइली घेऊ नका, कारण रोग त्यांतूनच आलेला असण्याची शक्यता मोठी असते.

अ‍ॅडक्लीनर आणि मालवेअरबाइट्स ही दोन साधने. अ‍ॅडक्लीनर अ‍ॅडवेअर (जाहिराती घुसवणारे प्रोग्रॅम) आणि हायजॅकर यांच्यासाठीच बनवलेले आहे, ते इन्स्टॉल करावे लागत नाही आणि फुकट आहे. २०१६ पासून ते मालवेअरबाइट्स कंपनीकडे असल्यामुळे दोन्ही साधने त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. विंडोजमधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटीव्हायरस तुमच्याकडे आहेच.

इथेच पहिला सापळा आहे. हायजॅकरचे नाव टाकून तो कसा काढावा हे शोधले की ढीगभर पाने उघडतात. त्यांतल्या अनेकांची रचना एकच असते: वर घाबरवणारे वर्णन, खाली एका विकतच्या सॉफ्टवेअरचे बटण. ते तपासणी फुकट करते, शेकडो धोके दाखवते आणि काढण्यासाठी पैसे मागते. अशा पानावरून काहीही उतरवू नका. शोधयंत्रच बिघडलेले असताना त्याच संगणकावर उपाय शोधणे मुळातच धोक्याचे आहे, म्हणून मोबाइल जवळ ठेवायला सांगितले.

पायरी १ : हा हायजॅकरच आहे का, याची खात्री करा

तीन वेगवेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत.

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ अशा चौकटी येत असतील आणि शोध मात्र ठीक चालत असेल, तर बहुधा तुम्ही एखाद्या संकेतस्थळाला कधीतरी ‘अलाऊ’ म्हणून सूचना पाठवण्याची परवानगी दिलेली आहे. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगणारी पाने हेच करतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा आणि परवानगी मिळालेल्या यादीतली अनोळखी नावे काढून टाका. बऱ्याच जणांचे काम इथेच संपते, आणि अशा किरकोळ कारणासाठी अख्खा संगणक फॉरमॅट करून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत.

जाहिराती एकाच संकेतस्थळावर दिसत असतील तर त्या त्या संकेतस्थळाच्या आहेत. तुमच्या संगणकाचा त्यात दोष नाही.

खऱ्या हायजॅकरच्या खुणा वेगळ्या असतात. मुखपृष्ठ किंवा नव्या टॅबचे पान आपोआप बदलते. शोध अनोळखी पत्त्यावरून वळतो. तुम्ही बदललेली सेटिंग परत पहिल्यासारखी होते. क्रोमच्या मेनूच्या तळाशी घरगुती संगणकावरही ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असे वाक्य दिसते. किंवा एक्सटेन्शनच्या चौकटीतले ‘रिमूव्ह’ बटण चालतच नाही.

आता दोन चाचण्या करा. क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघडून काहीतरी शोधा. मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्सटेन्शन त्या खिडकीत चालत नाहीत; त्यामुळे तिथे शोध नीट चालला तर संशय एक्सटेन्शनवर जातो, आणि तिथेही वळला तर कारण त्याच्या खाली, म्हणजे विंडोजमध्ये किंवा नेटवर्कमध्ये असू शकते. दुसरी चाचणी म्हणून त्याच वायफायवर मोबाइलवरून शोधून पाहा. मोबाइलवरही तोच प्रकार होत असेल तर राउटरची डीएनएस सेटिंग, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा खरा पत्ता कोणाला विचारायचा ती नोंद, तपासावी लागेल. ती पुढे सातव्या पायरीत आहे.

पायरी २ : सिंक बंद करा आणि व्यवहार थांबवा

सफाई पूर्ण होईपर्यंत या संगणकावरून बँकेत, ईमेलमध्ये किंवा कोणत्याही सरकारी पोर्टलवर लॉगिन करू नका.

त्यानंतर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये तुमच्या खात्याशी चालू असलेले सिंक, म्हणजे ब्राउझरची माहिती खात्यात साठवून तुमच्या सगळ्या उपकरणांवर सारखी ठेवण्याची सोय, बंद करा. ही गोष्ट बहुतेक मार्गदर्शनांत शेवटी येते किंवा येतच नाही, पण तिचे महत्त्व फार आहे. एक्सटेन्शन सिंक होत असतील तर त्या वाईट एक्सटेन्शनची नोंद तुमच्या खात्यात जाऊन बसते आणि तुम्ही जिथे जिथे लॉगिन कराल तिथे ते उतरते. माझ्या एका परिचिताने संगणक दुकानात नेऊन फॉरमॅट करून घेतला, घरी येऊन क्रोममध्ये खाते जोडले आणि पाच मिनिटांत तेच मुखपृष्ठ पुन्हा समोर आले. दुकानदाराने काम नीट केले नाही असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ते एक्सटेन्शन त्यांच्या स्वतःच्या खात्यातूनच परत आले होते.

पायरी ३ : नको असलेले प्रोग्रॅम काढा

सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स उघडा. विंडोज १० मध्ये हेच अ‍ॅप्स अँड फीचर्स या नावाने आहे. यादी इन्स्टॉल केल्याच्या तारखेप्रमाणे लावा. त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला हे साधारण आठवत असेल तर त्या दिवसाच्या आसपास बसलेले सगळे प्रोग्रॅम एका नजरेत येतात. माझ्या यादीत त्या एका संध्याकाळी, चार मिनिटांच्या आत, तीन प्रोग्रॅम बसलेले होते आणि त्यांतला एकच मी जाणूनबुजून घेतला होता.

नाव साळसूद आहे म्हणून फसू नका. २०२० मध्ये मे ते सप्टेंबर या काळात ‘अ‍ॅड्रोझेक’ नावाचा प्रकार पसरला होता. मायक्रोसॉफ्टच्या नोंदीनुसार ऑगस्टमध्ये, तो सर्वाधिक पसरलेला असताना, दररोज ३०,००० हून अधिक संगणकांवर तो आढळत होता. तो यादीत ‘क्विकऑडिओ’सारख्या, आवाजाशी संबंधित वाटेल अशा नावाने बसलेला असे. शोधात मदत करणारे, किमती ताडून दाखवणारे, पीडीएफ बदलून देणारे, ड्रायव्हर अद्ययावत करणारे किंवा संगणक वेगवान करणारे असे जे जे तुम्ही स्वतः आणलेले नाही, ते काढा. काढताना ‘तुम्हाला खरोखर जायचे आहे का’ अशा उलटसुलट शब्दांच्या चौकटी येतात. प्रत्येक चौकट वाचून मगच बटण दाबा, कारण त्यांतले ठळक बटण बहुधा प्रोग्रॅम ठेवण्याचे असते.

निर्मात्याच्या जागी मायक्रोसॉफ्ट, इंटेल, एएमडी, रिअलटेक किंवा तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीचे नाव असलेले प्रोग्रॅम सहसा यंत्र चालवण्यासाठी लागतात. खात्री नसेल तर आधी नाव कागदावर लिहा, मोबाइलवर शोधा आणि मग ठरवा.

पायरी ४ : पुन्हा बसवणारा शोधून काढा

या पायरीला वेळ द्या, कारण बाकीच्या सगळ्या पायऱ्यांचे यश हिच्यावर अवलंबून आहे.

प्रथम कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपच्या विभागात जा. संगणक सुरू होताना चालणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. अनोळखी नावावर उजवे बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या, फाइल कुठे आहे ते पाहा आणि नोंद डिसेबल करा.

आता स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्युलर’ शोधून उघडा. डावीकडे टास्क शेड्युलर लायब्ररी या ओळीवर क्लिक केले की मधल्या भागात कामांची यादी येते. त्याखालचा मायक्रोसॉफ्ट नावाचा फोल्डर विंडोजचा आहे. नवख्याने त्यात हात घालू नये. मधल्या यादीतले एकेक काम निवडून खालचे दोन विभाग पाहायचे: ट्रिगर्स, म्हणजे ते केव्हा चालते, आणि अ‍ॅक्शन्स, म्हणजे ते काय चालवते.

माझ्या संगणकावर जे सापडले ते सांगते, म्हणजे नजर कशी ठेवायची ते कळेल. कामाचे नाव क्रोम या शब्दाने सुरू होत होते, त्यामुळे पहिल्या दोन वेळा मी ते ओलांडून पुढे गेले. ट्रिगर्समध्ये लिहिले होते की लॉगिन झाल्यावर आणि त्यानंतर दर दहा मिनिटांनी चालवावे. अ‍ॅक्शन्समध्ये पॉवरशेलचे (विंडोजमध्ये लिखित आज्ञा चालवणाऱ्या साधनाचे) नाव आणि त्यापुढे अर्थहीन इंग्रजी अक्षरांची लांबच लांब माळ, जी चौकटीत मावत नव्हती. क्रोमच्या खऱ्या अपडेटच्या कामात असे काही नसते. त्याच्या अ‍ॅक्शन्समध्ये प्रोग्रॅम फाइल्समधल्या गूगलच्या फोल्डरातील अपडेटरचा सरळ मार्ग दिसतो. २०२२ मध्ये गाजलेल्या ‘क्रोमलोडर’ या हायजॅकरची पद्धतही हीच होती: फुकट गेम किंवा चोरीचा सिनेमा म्हणून आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची प्रत असलेली फाइल) द्यायची आणि ती उघडली की शेड्युलरमध्ये पॉवरशेलचे काम टाकून ठेवायचे. म्हणून नावावर विश्वास ठेवू नका, मार्ग वाचा. पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा एमएसएचटीए या स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनांना हाक मारणारे, किंवा तुमच्या खात्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरातील एखादी स्क्रिप्ट चालवणारे काम दिसले की ते संशयास्पद समजा.

असे काम सापडले की लगेच डिलीट करू नका. आधी अ‍ॅक्शन्समधला फाइलचा मार्ग लिहून घ्या, काम डिसेबल करा, संगणक पुन्हा सुरू करा आणि काही बिघडत नाही हे पाहूनच काम आणि त्याने दाखवलेली फाइल पुसा. फाइल वापरात असल्याचे सांगून विंडोज ती पुसू देत नसेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट घ्या, ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्जमार्गे सेफ मोडमध्ये जा आणि तिथून पुसा.

पायरी ५ : तीन तपासण्या, याच क्रमाने

पहिली अ‍ॅडक्लीनरची. तिला काही मिनिटेच लागतात. जे सापडेल त्याची यादी वाचा, तुमचे म्हणून ओळखीचे काही त्यात असेल तर त्यावरची खूण काढा आणि बाकीचे क्वारंटाइनमध्ये, म्हणजे चालू शकणार नाही अशा बंद जागेत, पाठवा. कशाकशाला हात लावला याची नोंद ते आपल्या लॉगमध्ये ठेवते. ती वाचून कागदावरच्या नावांशी ताडून पाहा.

दुसरी मालवेअरबाइट्सची. बसवताना चाचणी काळ सुरू करण्याचा प्रस्ताव येतो. तो घेतला नाही तरी फुकट तपासणी आणि सफाई करता येते.

तिसरी डिफेंडरची ऑफलाइन तपासणी. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमधून स्कॅन ऑप्शन्समध्ये जा आणि ऑफलाइन स्कॅन निवडा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधी सुमारे १५ मिनिटे तपासणी चालते. चालू विंडोजमध्ये लपून राहणाऱ्याला तिथे लपायला जागा राहत नाही. त्याआधी उघड्या फाइली सेव्ह करा.

जुन्या लेखांत क्रोममधलेच ‘क्लीन अप कॉम्प्युटर’ वापरा असा सल्ला सापडतो. ते साधन गूगलने २०२३ मध्ये काढून टाकले आहे, त्यामुळे ते शोधण्यात वेळ घालवू नका. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले असून तिथेही सफाईची फुकट साधने मिळतात. त्यांत पुण्याच्या क्विक हीलने दिलेले साधन आहे.

पायरी ६ : ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’चा बंदोबस्त

कार्यालयातल्या संगणकावर हे वाक्य असणे योग्यच आहे. तिथे ही पायरी करू नका, तुमच्या संगणक विभागाला कळवा. ब्राउझर कसा चालावा हे बाहेरून ठरवणारी धोरणे (पॉलिसी) लागू असली की ते दिसते. घरच्या संगणकावरही काही अँटीव्हायरस अशी धोरणे लावतात. म्हणून आधी पाहायचे. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम हा शब्द, त्यापुढे कोलन आणि दोन तिरक्या रेघा, आणि मग पॉलिसी असे लिहून एंटर दाबा. उघडलेल्या पानावर लागू असलेली धोरणे दिसतात.

त्यात ‘एक्सटेन्शन-इन्स्टॉल-फोर्सलिस्ट’ असे नाव असेल तर त्याच्या समोरची किंमत वाचा. इंग्रजीतल्या ए ते पी या १६ अक्षरांपासून बनलेली ३२ अक्षरांची एक माळ तिथे असेल. ती एक्सटेन्शनची ओळख आहे. एक्सटेन्शनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की प्रत्येक एक्सटेन्शनखाली तशीच माळ दिसते. दोन्ही जुळल्या की ज्याचे रिमूव्ह बटण चालत नव्हते ते कोणी जबरदस्तीने बसवले हे सिद्ध होते. २०२४ मध्ये रीझनलॅब्स या कंपनीने असाच एक प्रकार उघड केला होता. व्हीएलसी (व्हिडिओ दाखवणारा), कीपास (पासवर्ड सांभाळणारा) अशा नावाजलेल्या प्रोग्रॅमच्या बनावट पानांवरून आलेली फाइल शेड्युलरमध्ये काम टाकत असे आणि रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्ज जिथे नोंदलेल्या असतात तिथून, क्रोम व एजवर एक्सटेन्शन लादत असे. बाधित झालेल्यांची संख्या किमान ३ लाख होती.

हे धोरण रजिस्ट्रीत असते. स्टार्टमध्ये रजिस्ट्री एडिटर शोधून उघडा. एचकी लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, त्यात पॉलिसीज, त्यात गूगल, त्यात क्रोम इथपर्यंत जा. हीच वाट एचकी करंट युजरखालीही तपासा. एजसाठी गूगलच्या जागी मायक्रोसॉफ्ट आणि क्रोमच्या जागी एज घ्या. काहीही पुसण्याआधी त्या फोल्डरवर उजवे बटण दाबून एक्स्पोर्ट करा आणि प्रत जपून ठेवा. मग फोर्सलिस्टचा फोल्डर आणि मुखपृष्ठ किंवा शोधयंत्र ठरवणाऱ्या अनोळखी नोंदी तेवढ्या पुसा. दुसऱ्या कशालाही स्पर्श करू नका. रजिस्ट्रीत चुकीची नोंद पुसली तर विंडोजच सुरू न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हात धजत नसेल तर एवढ्या पायरीपुरता जाणकार माणूस बोलवावा, त्यात कमीपणा नाही.

पायरी ७ : शॉर्टकट, प्रॉक्सी, डीएनएस आणि होस्ट्स

टास्कबारवरच्या आणि डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हाचे प्रॉपर्टीज उघडा. ‘टार्गेट’च्या चौकटीतला मार्ग ब्राउझरच्या फाइलच्या नावाशी आणि त्यामागच्या अवतरणचिन्हाशी संपला पाहिजे. त्यानंतर एखादा संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो तेवढा पुसा. चौकट लहान असते, म्हणून एंड ही कळ दाबून ओळीच्या टोकापर्यंत जा. हा भाग मुद्दाम उजवीकडे, नजरेआड ठेवलेला असतो.

प्रॉक्सीबद्दल एक प्रसंग सांगते. शेजारच्या निवृत्त शिक्षकांचा, आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो, संगणक मी स्वच्छ करून दिला आणि तासाभरात त्यांचा फोन आला. ‘बाई, जाहिराती गेल्या खऱ्या, पण इंटरनेटच गेलं.’ हायजॅकरने सगळी वाहतूक संगणकातल्याच एका प्रॉक्सीकडे, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवरच्या मध्यस्थाकडे, वळवली होती. प्रोग्रॅम गेला, पण वाट त्याच्याच दाराकडे वळवलेली राहिली. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी उघडा. ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ आणि ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’ हे दोन्ही घरच्या संगणकावर बंद असावेत. गुरुजींच्या संगणकावर तिथे १२७.०.०.१ हा, म्हणजे त्याच संगणकाचा स्वतःचा, पत्ता होता. बटण बंद केले आणि नेट परत आले.

डीएनएसचेही असेच होते. ‘डीएनएसचेंजर’ हा घातक प्रोग्रॅम पसरवणारी टोळी नोव्हेंबर २०११ मध्ये पकडली गेली, तेव्हा सुमारे ४० लाख संगणकांचे डीएनएस टोळीच्या सर्व्हरकडे वळवलेले होते. लोकांचे नेट तुटू नये म्हणून त्या जागी काही महिने स्वच्छ सर्व्हर चालवण्यात आले. ९ जुलै २०१२ ला ते बंद झाले तेव्हा ज्यांनी सेटिंग सुधारली नव्हती त्यांचे नेट बंद पडले. तुमच्या वायफाय जोडणीच्या माहितीत डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ आहे ना ते पाहा. पहिल्या पायरीत मोबाइलवरही त्रास दिसला असेल तर राउटरच्या पानावर जाऊन डीएनएस पूर्ववत करा आणि राउटरचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदला.

शेवटी सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेवरची होस्ट्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. कोणत्या संकेतस्थळासाठी कोणत्या पत्त्यावर जायचे हे संगणक डीएनएसच्याही आधी या फाइलीत पाहतो. मूळ फाइलीत सगळ्या ओळी हॅशच्या चिन्हाने सुरू होतात. गूगल, बँक किंवा अँटीव्हायरस कंपनीच्या नावाची ओळ हॅशशिवाय दिसली तर ती पुसा.

पायरी ८ : आता ब्राउझर स्वच्छ करा

एक्सटेन्शनच्या यादीतून तुम्हाला ज्याचा उपयोग सांगता येत नाही ते सगळे काढा. एके काळी चांगले असलेले एक्सटेन्शनही बिघडू शकते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे २० लाखांहून अधिक लोक वापरत असलेले एक्सटेन्शन २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर (घातक प्रोग्रॅम) ठरवून काढून टाकले. जुना आहे म्हणून विश्वासाचा, हा हिशेब इथे चालत नाही.

मग शोधयंत्रांच्या यादीतली अनोळखी नावे काढा, सुरुवातीचे पान तपासा आणि क्रोम किंवा एजच्या सेटिंग्जमधून ‘रीसेट सेटिंग्ज’ करा. क्रोममध्ये यामुळे बुकमार्क, इतिहास आणि जतन केलेले पासवर्ड जात नाहीत. एक्सटेन्शन बंद होतात आणि कुकीज पुसल्या जातात. फायरफॉक्समध्ये हेल्पमधल्या ट्रबलशूटिंगच्या पानावर ‘रिफ्रेश’चे बटण आहे, जुनी माहिती ते डेस्कटॉपवर एका फोल्डरात ठेवून देते.

एवढ्यानेही शोधनिकालांत जाहिराती घुसत राहिल्या तर ब्राउझर पूर्ण काढून अधिकृत संकेतस्थळावरून नव्याने बसवा. अ‍ॅड्रोझेक ब्राउझर ज्यांवर चालतो त्या त्याच्या स्वतःच्या डीएलएल फाइलीच बदलत असे आणि अशा वेळी रीसेटचा उपयोग होत नाही. मायक्रोसॉफ्टनेही त्या वेळी ब्राउझर पुन्हा बसवण्याचाच सल्ला दिला होता.

पायरी ९ : पासवर्ड आणि प्रमाणपत्रे

पासवर्ड बदलताना मोबाइल वापरा आणि ईमेलपासून सुरुवात करा, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथे येतात. त्यानंतर बँक, मग उरलेली खाती. गूगल खात्याच्या सिक्युरिटी विभागात ‘युवर डिव्हायसेस’मध्ये जाऊन अनोळखी उपकरणे साइन आउट करा आणि टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. बँकेच्या नोंदींत अनोळखी व्यवहार दिसला तर वाट न पाहता बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे क्रमांकावर तक्रार करा. पडद्यावर स्वतःहून उगवलेल्या चौकटीतल्या क्रमांकावर मात्र कधीही फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक नसतो.

प्रमाणपत्रांचा मुद्दा विसरला जातो. एखादे संकेतस्थळ खरे आहे हे ब्राउझर प्रमाणपत्रावरून ओळखतो, आणि मूळ प्रमाणपत्रावर विश्वास असला की त्यातून निघालेल्या सगळ्यांवर तो विश्वास ठेवतो. २०१४ च्या उत्तरार्धापासून २०१५ च्या सुरुवातीपर्यंत विकल्या गेलेल्या लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ हे जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर आधीच बसवलेले होते. त्याने विंडोजमध्ये स्वतःचे मूळ प्रमाणपत्र टाकले होते आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. त्यामुळे बँकेच्या कुलूपबंद पानाचीही नक्कल करणे शक्य झाले. प्रोग्रॅम काढला तरी ते प्रमाणपत्र मागे उरत असे. कंट्रोल पॅनेलमधील इंटरनेट ऑप्शन्समध्ये कंटेंट, त्यात सर्टिफिकेट्स, त्यात ट्रस्टेड रूट हा विभाग उघडा आणि कागदावरच्या संशयास्पद नावांपैकी काही तिथे आहे का ते पाहा. असेल तर तेवढेच काढा.

पायरी १० : आठ दिवस लक्ष ठेवा

विंडोज सिक्युरिटीमध्ये अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, त्यात रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन उघडून ‘पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ची दोन्ही घरे भरलेली आहेत ना ते पाहा. नवे सॉफ्टवेअर घेताना शोधनिकालांतला जाहिरात असे लिहिलेला दुवा टाळा आणि बसवताना ‘एक्स्प्रेस’ऐवजी ‘कस्टम’ निवडा. सोबत येणाऱ्या पाहुण्यांच्या खुणा तिथेच काढता येतात. मी त्या संध्याकाळी हे केले असते तर चार दिवस वाचले असते.

रोज सकाळी संगणक सुरू केल्यावर चार गोष्टी पाहा: मुखपृष्ठ, एक्सटेन्शनची यादी, क्रोमचे पॉलिसीचे पान आणि टास्क शेड्युलर. आठ दिवस सगळे जागेवर राहिले तर सिंक चालू करायला हरकत नाही, पण त्याआधी गूगल खात्याच्या क्रोम सिंकच्या पानावरून तिथे साठलेली जुनी माहिती पुसा, म्हणजे ते एक्सटेन्शन खात्यातून परत येणार नाही. त्या पानावरून पुसल्याने या संगणकावरचे बुकमार्क जात नाहीत.

शेड्युलरमधले काम पुन्हा उगवले तर मात्र संगणकात आणखी काहीतरी दडलेले आहे असे समजा आणि मग विंडोज नव्याने बसवा. ते करताना बाहेर काढून ठेवलेल्या दस्तऐवजांवर आधी डिफेंडरची तपासणी चालवा, मूळ परवाना असलेली विंडोजच घ्या, कारण चोरीच्या प्रतीसोबत येणारे, परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणारे ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ हे अशा प्रोग्रॅमचे नेहमीचे वाहन आहे, आणि ब्राउझरमध्ये खाते जोडण्याचे काम सर्वांत शेवटी, सिंकची जुनी माहिती पुसून झाल्यावरच करा.